ठरावीक उशिराचा माग

संकेतस्थळ एरवी झटकन उघडते, मधूनच एखादी विनंती रेंगाळते आणि तपासायला घ्यावे तर सारे सुरळीत दिसते, असा दोष सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कायमच्या मंदपणापेक्षा अधिक छळतो. त्यात सरासरीचा आधार फसवा असतो, कारण शंभरांपैकी नव्व्याण्णव विनंत्या 20 मिलिसेकंदांत आणि एक 3 सेकंदांत पूर्ण झाली, तरी सरासरी जेमतेम 50 मिलिसेकंद भरते. म्हणून प्रत्येक विनंतीला लागलेला वेळ स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. या नोंदींत उशीर कमीजास्त होत असेल, तर मार्गावरील गर्दीचा संशय घेता येतो. तोच तोच आकडा पुन्हा दिसत असेल, तर कुठल्या तरी प्रणालीतील मुदत संपण्याची वाट पाहिली जात आहे, असे बहुधा समजावे.

टीसीपी या नियमावलीनुसार जोडणीची सुरुवात ‘सिन’ नावाच्या छोट्या पॅकेटने होते आणि उत्तर न आल्यास ते पुन्हा पाठवले जाते. पहिली प्रतीक्षा 1 सेकंदाची (2011 पूर्वीच्या शिफारशीनुसार 3 सेकंदांची) आणि पुढची प्रत्येक दुप्पट असल्याने 1, 3, 7 सेकंदांचे उशीर हे हरवलेल्या सिनचे लक्षण ठरते. मात्र दोष तारांचाच असतो असे नाही. लिनक्समध्ये जुळलेल्या जोडण्या, सर्व्हरचा प्रोग्राम त्या स्वीकारेपर्यंत, एका रांगेत थांबतात. ती भरली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवी सिन पॅकेटे, एरवीच्या मांडणीत, मुकाट्याने टाकून देते. या रांगेची मूळ कमाल मर्यादा 2019 मधील 5.4 या आवृत्तीपर्यंत अवघी 128 होती, पुढे ती 4096 झाली. क्षणभराच्या लोंढ्यानेही रांग भरते, आणि मिनिटामिनिटाच्या आलेखात त्याचा मागमूसही उरत नाही. ‘नेटस्टॅट’ आज्ञेतील रांग ओसंडल्याची मोजणी तेवढी वाढलेली आढळते.

पाच सेकंदांचा उशीर बहुधा डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे, बोट दाखवतो, कारण लिनक्सवर तिथली नेहमीची मुदत तेवढीच असते.

चाळीस मिलिसेकंदांचे प्रकरण अधिक रंजक आहे. फोर्ड एरोस्पेसमधील जॉन नेगल यांनी 1984 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत, आधीच्या मजकुराची पोच येईपर्यंत पुढचा छोटा तुकडा रोखला जातो. दुसरीकडे, स्वीकारणारा संगणक उत्तरासोबतच पोच धाडता यावी म्हणून ती थोडी, लिनक्सवर बहुधा हेच चाळीस मिलिसेकंद, लांबवतो. दोन्ही काटकसरी आपापल्या जागी शहाण्या आहेत, पण एकत्र आल्या की दोघेही परस्परांची वाट पाहत बसतात. हे शेवटच्या तुकड्याच्या आकारावर अवलंबून असल्याने एकच पान कधी अडते, कधी नाही. ‘टीसीपी नोडिले’ हा पर्याय लावल्यावर नेगल यांची पद्धत बंद होते.

आकड्यावरून बांधलेला तर्क पडताळण्यासाठी येणारी-जाणारी पॅकेटे नोंदवणारे ‘टीसीपीडम्प’ ग्राहक आणि सर्व्हर या दोन्ही टोकांना एकाच वेळी चालवावे लागते: पॅकेट निघाले पण पोहोचले नाही, तर दोष मार्गात, पोहोचूनही उत्तर निघाले नाही, तर सर्व्हरमध्ये. दोष केव्हा उद्भवेल हे सांगता येत नसल्याने ही नोंद आधीपासून चालू असावी लागते आणि डिस्क भरू नये म्हणून जुन्या फायलींवरच नव्या नोंदी लिहिल्या जातात.