यंत्र घडवणाऱ्यांनी आधी वॉर्डात यावे

वाचकहो, आपल्या कपाटाच्या खणात एखादे श्रवणयंत्र पडून आहे का? माझ्या पाहण्यात अशी अनेक आहेत. यंत्र बिघडलेले नसते. बॅटरीचे झाकण इतके लहान असते की कापऱ्या बोटांना ते उघडत नाही, आणि दर वेळी सुनेला हाक मारणे आजोबांना जड जाते. ते घडवणाऱ्याला ध्वनिशास्त्र उत्तम अवगत असेल. सत्तरी ओलांडलेली बोटे मात्र त्याने जवळून पाहिली नसावीत.

अभियांत्रिकी, जीवशास्त्र आणि वैद्यक यांना एकत्र आणणारी जैवअभियांत्रिकी ही विद्याशाखा नेमकी यासाठीच आहे. विद्यापीठात ती वाढवायची म्हटले की प्रथम जागा आणि इमारती यांचा हिशेब मांडला जातो. माझ्या मते आरंभ रुग्णालयापासून व्हावा.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे उदाहरण पाहा. हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी तेथे रुग्णालय आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञानाचा विभाग एकाच संस्थेत उभारले. परदेशी कृत्रिम झडप बहुसंख्य रुग्णांना परवडत नव्हती, म्हणून ती येथेच घडवण्याचे ठरले. पहिली तीन प्रारूपे अपयशी ठरली. चौथ्यात कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची चौकट आणि विशिष्ट प्लॅस्टिकची चकती वापरली गेली, आणि डिसेंबर 1990 मध्ये ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली. पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला. तीन अपयशांनंतरही शल्यविशारद आणि अभियंते एकत्र टिकले, हे मला झडपेइतकेच मोलाचे वाटते.

आपल्याकडेही पाया आहे. आयआयटी मुंबईत 1988 मध्ये जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे अध्यापन-केंद्र सुरू झाले. 2014 मध्ये तेथेच वैद्यकीय उपकरणांसाठी ‘बेटिक’ हे केंद्र उभे राहिले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याच्याशी जोडले गेले. डॉक्टरांनी अडचण सांगावी आणि अभियंत्यांनी तिच्यावर उपकरण घडवावे, ही तेथील रीत.

विस्ताराच्या आराखड्यात एक गोष्ट बहुधा राहून जाते. दोन विभागांत शिकवणाऱ्या अध्यापकाची बढती कोणी ठरवायची? हे लेखी ठरले नाही, तर तो दोन्हीकडे पाहुणाच राहतो. (आमच्या वैद्यकीय क्षेत्रातही हे दुखणे जुनेच आहे!) शिवाय 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांची जोखमीप्रमाणे वर्गवारी होते. हे नियम विद्यार्थ्याला शिकवले नाहीत, तर त्याची कल्पना प्रयोगशाळेबाहेर पडणे कठीण.

आपले नातवंड या शाखेकडे वळत असेल, तर प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला एवढेच विचारा: विद्यार्थी वॉर्डात कितव्या वर्षी जातो, आणि तेथे रुग्णाशी व त्याची शुश्रूषा करणाऱ्याशी बोलण्यासाठी त्याला किती वेळ मिळतो? तोवर खणातले ते यंत्र त्याच्या हाती द्या आणि झाकण उघडताना नेमके काय अडते, ते करून दाखवा.