निंबोळीचे तेल आणि पानावरची भुरी

पिकांच्या रोगांना मराठी शेतकऱ्याने दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. भुरी, तांबेरा, काजळी, करपा : ज्याने ती ठेवली त्याने पान हातात घेऊन नीट पाहिले होते. मी भाषेचा अभ्यासक. या विषयाकडे वळलो तो या शब्दांच्या मागोमाग.

द्राक्षाच्या पानावर राखेसारखी पूड दिसते ती भुरी. ही बुरशी मुख्यतः पानाच्या पृष्ठभागावर वाढते आणि वरच्या पेशींत शोषक तंतू खुपसून अन्नरस ओढते. म्हणूनच तिच्यावर तेल चालते. निंबोळीचे तेल पाण्यात मिसळत नाही. साबणासारख्या पदार्थाने त्याचे बारीक थेंब करून फवारले म्हणजे पानावर पातळ थर बसतो आणि बीजाणूंचे रुजणे खुंटते. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे प्रसिद्ध द्रव्य मुख्यतः किडींसाठी. ते काढून घेतल्यावर उरलेले तेलही बुरशीला आवरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पानाच्या आत शिरणाऱ्या केवड्यावर मात्र हा उपाय तोकडा पडतो. तेथे मिलार्दे यांनी 1885 साली फ्रान्समध्ये पुढे आणलेले मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रणच अधिक भरवशाचे. शिवाय तेलाचा प्रभाव उन्हापावसाने लवकर ओसरतो, आणि भर उन्हात फवारल्यास पाने करपतात. नैसर्गिक ते सारे निर्धोक, हे समीकरण मला मान्य नाही.

याच तेलाने बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट 1994 साली युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषिखाते यांना दिले. वंदना शिवा, मॅग्डा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी 1995 मध्ये हरकत घेतली. ‘हे आमच्याकडे पूर्वापार चालत आले आहे’ एवढे म्हणून तेथे भागत नाही. कोणी, कोठे, केव्हा, कोणत्या पिकावर, हे सांगावे लागते. आणि नोंद ठेवण्याच्या बाबतीत आपण किती उदासीन आहोत, हे मी कोशकार्यात पुरेपूर अनुभवले आहे. सुदैवाने महाराष्ट्रातील एका कृषि-व्यावसायिकांपाशी सांगण्यासारखे होते. 1985 व 1986 च्या उन्हाळ्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबोळीच्या अर्काच्या चाचण्या झाल्याची साक्ष त्यांनी म्यूनिकच्या सुनावणीत दिली. 2000 च्या मे महिन्यात पेटंट रद्द झाले. त्यावरचे अपील मार्च 2005 मध्ये फेटाळले गेले.