आधी मॅगझीन, मग चेंबर

पिस्तूल साफ करताना गोळी सुटली की तोंडून निघणारं वाक्य बहुधा एकच असतं: “मला वाटलं, रिकामं आहे.” माणूस खोटं बोलत नसतो. मॅगझीन त्याने खरोखरच काढलेलं असतं. काडतूस राहिलेलं असतं ते नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं कामच तसं चालतं. गोळी सुटली की धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामं कवच बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझीनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मॅगझीन काढलं तरी ते काडतूस जागचं हलत नाही. क्रम उलटा झाला तर धोका आणखी फसवा होतो. आधी स्लाइड ओढली तर आतलं काडतूस बाहेर पडताना दिसतं, आपण निर्धास्त होतो आणि तेवढ्यात मॅगझीनमधलं पुढचं काडतूस आत जाऊन बसतं. म्हणून मॅगझीन आधी, स्लाइड नंतर. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीचं टोक घालून चाचपायचं. या सगळ्या वेळात नळीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून दूर. काडतुसं तर त्या खोलीतसुद्धा नकोत.

आपल्या सैन्यात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं ९ मिमी पिस्तूल हे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ब्राउनिंग हाय-पॉवरचं भारतीय रूप. जॉन ब्राउनिंगने या रचनेला हात घातला, १९२६ साली तो वारला, आणि बेल्जियमच्या द्येदोने सेव्हने ती पूर्ण केल्यावर १९३५मध्ये पिस्तूल बाजारात आलं. ते उघडायला हत्यारं लागत नाहीत. चेंबर तपासून झालं की स्लाइड मागे ओढून सेफ्टीचा खटका तिच्या पुढच्या खाचेत अडकवायचा. मग स्लाइड-स्टॉपची खीळ उजवीकडून दाबून डावीकडे काढून घ्यायची. स्लाइड हाताने घट्ट धरून खटका सोडला की ती पुढे सरकून सुटते. ती उलटी करून दाबलेली स्प्रिंग तिच्या दांडीसह उचलायची, शेवटी नळी. स्प्रिंग निसटली तर थेट डोळ्याकडे येते, म्हणून चष्मा हवाच.

या पिस्तुलात मॅगझीन नसेल तर चाप ओढूनही घोडा पडत नाही. सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर चेंबर न तपासणं हा शुद्ध अविचार. ग्लॉक उघडताना तर स्लाइड सोडवण्याआधी चाप ओढावाच लागतो. राहिलेलं काडतूस तिथेच सुटतं. बेरेटा ९२मध्ये नुसती कळ फिरवून स्लाइड निघते. रचना बदलते, तपासणी बदलत नाही.

सफाई साधीच असते. नळी सुटी झाली की ब्रश मागच्या बाजूने घालावा, म्हणजे पुढचं तोंड खरवडत नाही. द्रावण लावून कापडाच्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात. स्लाइडच्या खाचांतली काजळी पुसावी. तेल अगदी हलक्या हाताने. जास्त तेलावर धूळ चिकटते, आणि फायरिंग पिनच्या वाटेत ते साचलं तर पिनचा ठोका मंद पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र कोरडं लोखंड फार दिवस टिकत नाही. तिथे तेलाचा हलका थर अधूनमधून नवा करावा लागतो. बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या दारूत शिशाचं संयुग असतं. त्यामुळे काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मधे चहा-बिस्किटाला हात लावू नये.

जोडणी झाली की स्लाइड दोन-चारदा पुढेमागे करून ती मोकळी फिरते का आणि सेफ्टी धरते का, हे पाहावं. हाय-पॉवरमध्ये चाप तपासायचा तर मॅगझीन लावावंच लागतं; ते रिकामं असल्याची खात्री त्या क्षणी पुन्हा करायची. याहून खोलवरचे, चाप-घोड्याचे सुटे भाग परवानाधारक कारागिराकडेच सोपवावेत.

१९५९च्या शस्त्र कायद्याने मिळणारा परवाना शस्त्र बाळगायची मुभा देतो. ते हाताळायची शिस्त देत नाही. ती परवानाधारकाने स्वतः अंगी बाणवायची असते आणि तिच्यात अनुभवी माणसाला सूट नाही. उलट ज्याचे हात सवयीने चालतात, त्यालाच चेंबरकडे पाहण्याची गरज जास्त. घरात मुलं-माणसं वावरत असताना शस्त्र बाळगणाऱ्याने निदान एवढं कर्तव्य तरी मानलंच पाहिजे.