वरकस जमीन आणि तिचे अन्न : महाड-पोलादपुरातील काही कृषिशब्द

सावित्री आणि तिला मिळणाऱ्या काळ, गांधारी या नद्यांच्या काठी महाड तालुक्यातील भातशेती पसरली आहे. तेथून सह्याद्रीकडे, पोलादपूरच्या बाजूस चढू लागले म्हणजे सपाटी संपत जाते व उताराची जमीन लागते. सातबाऱ्यावर तिची नोंद ‘वरकस’ अशी होते. कोकणच्या जमीनमोजणीत भात, बागायत व वरकस असे वर्ग ठरले आणि वरकसाचा आकार सर्वांत कमी धरला गेला. पुढे हा शब्द जमिनीपुरता राहिला नाही. तीत पिकणाऱ्या नाचणी, वरी, हरीक या धान्यांसही तो चिकटला. आकार हलका म्हणून जमीन हलकी, जमीन हलकी म्हणून धान्य हलके, आणि अखेर ते खाणारे घरही हलके, अशी ही अर्थाची घसरण आहे.

धान्याच्या गुणाशी या हलकेपणाचा काही संबंध नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. हरकाने कधी कधी घेरी येते हे खरे. पण तो दोष दाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचा होय.

वरकस जमिनीची लागवड फेरपालटीची होती. प्रथम नाचणी, पुढे वरी, नंतर हरीक किंवा तीळ, आणि मग काही वर्षे जमीन पडीक, असा साधारण क्रम असे. भातशेतीही या डोंगरावरच अवलंबून होती, कारण तिचा ‘राब’ येथूनच येई. झाडांच्या फांद्या छाटून आणलेला कवळ, शेण, पातेरा व गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरायचे, वर बारीक माती घालायची आणि पावसापूर्वी ते सारे सावकाश भाजायचे. उष्णतेने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते, माती भुसभुशीत होते. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध केला. राब भाजलेल्या जागेत वाढलेल्या रोपास उत्तर कोकणात ‘आवण’, दक्षिणेस ‘तरवा’ म्हणतात. राबाचे निव्वळ गुणगान करण्याचेही कारण नाही. दरसाल छाटली जाणारी झाडे खुरटतात.

या शेतीला ‘सेंद्रिय’ असे कोणी म्हणत नव्हते. तिच्या प्रत्येक कामाला स्वतंत्र नाव होते. सगळीला मिळून वेगळे विशेषण लावण्याची गरजच नव्हती, कारण दुसऱ्या प्रकारची शेती समोर नव्हती. शिवाय ‘सेंद्रिय’ ही संज्ञा मराठीत प्रथम रुळली ती रसायनशास्त्रात. कार्बनयुक्त संयुगांचे शास्त्र ते सेंद्रिय रसायनशास्त्र. आता त्यास ‘कार्बनी’ असेही म्हणतात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. त्यामुळे कारखान्यातील रसायन आणि रसायनाविना पिकलेला दाणा, ही दोन्ही येथे एकाच विशेषणाची धनी होतात. रासायनिक खते घेण्याची ऐपत नसलेल्या डोंगरातील शेतकऱ्यास हा शब्द प्रमाणपत्राच्या रूपाने भेटतो, आणि प्रमाणपत्रास कागद व पैसा लागतो.

दरम्यान सरकारी भाषेत या धान्यांची बढती झाली. भरडधान्य म्हणून ओळखली जाणारी ही धान्ये २०१८ साली ‘पौष्टिक तृणधान्ये’ झाली. २०२३ हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरले आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती ‘श्रीअन्न’ म्हणवली गेली. वरीचे भाग्य त्याआधीच पालटले होते. डोंगरात जी रोजची पोटाची सोय, ती शहरात ‘भगर’ या नावाने उपवासाची वस्तू झाली. भुकेचे अन्न व्रताचे झाले. मात्र नाव उंचावल्याने ताटातील वाटा वाढतोच असे नाही. नाचणी पिठाच्या आकर्षक पुडीतून शहरी घरात पोचते, आणि ती पिकवणाऱ्या घरात शिधापत्रिकेवरचा तांदूळ शिजतो.

याचे कारण कायद्याच्या शब्दांत शोधून सापडत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमात तांदूळ किलोला तीन रुपये, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया असे दर होते. म्हणजे नाचणीस तेथे जागा होती. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. कोकणात दुकानातून मुख्यतः तांदूळ व गहूच मिळतो. फुकटच्या तांदळापुढे उतारावर नाचणी लावणे, खुरपणे, कणसे खुडणे व झोडणे ही मेहनत घरच्या जेवणासाठी परवडेनाशी होते. तरुण हात तर मुंबईस किंवा वसाहतीत गेलेले असतात. केंद्राने २०२३-२४ साठी नाचणीचा आधारभूत भाव क्विंटलला ३,८४६ रुपये ठरवला होता. पण ज्याच्याकडे घरखर्च भागून दोन-चार पायली उरतात, त्याचा हिशोब क्विंटलात होत नाही. तेवढी नाचणी गावातच, अंगणवाडीच्या खाऊसाठी विकत घेतली गेली, तर लावणाऱ्यास गिऱ्हाईक आणि मुलांना आंबील, दोन्ही त्याच वाडीत मिळतील.