ओळखीची खूण

मराठीत आता एकाच गोष्टीला दोन शब्द झाले आहेत. खेड्यातल्या म्हातारीच्या हनुवटीवर असते ते गोंदण आणि तिच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने शहरातून मनगटावर काढून आणला तो टॅटू. दोन्हीकडे सुईच कातडीत शिरते, दोन्हीकडे रंग जन्मभर राहतो. फरक इतकाच, की गोंदण पदराखाली झाकायचे आणि टॅटूचा फोटो काढायचा. पण नोकरीची मुलाखत असो की लग्नाची बैठक, तिथे हे दोन शब्द पुन्हा एक होतात. मग नातीलाही फुल बाह्यांचा कुडता घालायला सांगितले जाते.

आपल्याकडे ही गोष्ट पूर्वी नेमकी उलटी होती. दोन पिढ्यांमागे गोंदलेली नसलेली मुलगी सासरी गेली तर तिला टोमणे ऐकावे लागत. माहेरच्यांना चार सुयांचा खर्च झेपला नाही की काय, असे विचारीत. गोंदणारीण गावात आली की मुलींना धरून बसवायचे. काजळी आणि झाडपाल्याचा रस कालवून, दोन-तीन सुया एकत्र बांधून ती टोचत जायची आणि पोरीने रडू नये म्हणून गाणे म्हणायची. कपाळावर चंद्रकोर किंवा टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, विंचू, कृष्ण, भावाचे नाव. मेल्यावर दागिने लोक काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी बायकांची समजूत. ज्यांच्या अंगावर सोन्याचा मणीही नव्हता त्यांच्यासाठी या समजुतीला केवढा अर्थ असेल! शांताबाई शेळक्यांनी आपल्या कवितासंग्रहाला 'गोंदण' हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दात ही सगळी माया होती. कवितेत हा शब्द आजही आपल्याला आवडतो. गोंदलेली बाई मात्र काउंटरवर बसलेली चालत नाही.

काउंटर म्हणालो ते उगाच नाही. माझी उमेद बँकेत गेली. निरक्षर माणसाचे खाते उघडताना फोटो आणि अंगठ्याबरोबर 'ओळखीच्या खुणा' लिहून घ्याव्या लागत. खेड्यातल्या शाखेत त्या रकान्यात मी स्वतः शेकडो वेळा लिहिले असेल: कपाळावर गोंदलेले, डाव्या हातावर तुळस गोंदलेली, दंडावर नाव. फोटो पुसट होत, अंगठे शेतात काम करून झिजत. गोंदण झिजत नसे. त्या खुणेवर विश्वास ठेवून आम्ही पैसे देत होतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच शाखेत एक मुलगी क्लार्क म्हणून आली. भरती मंडळाची परीक्षा देऊन, चांगल्या गुणांनी आलेली. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. लहानपणी आजीने बसवले असणार. आमच्या मॅनेजरसाहेबांनी तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवले, खिडकीपासून सगळ्यात लांब. का, असे मी विचारले, तर म्हणाले, "अहो, शाखेला काही एक चेहरा असतो की नाही?" मी म्हणालो, साहेब, खिडकीपलीकडचे सगळे चेहरे असेच आहेत. ते हसले आणि विषय संपला. वर्षभर ती पाकिटांवर तिकिटे चिकटवीत होती. पुढे तिची बदली झाली. ज्या खुणेने खातेदार ओळखायचा, तीच खूण नोकरदाराला नडते, हा हिशेब मला आजही जुळवता आलेला नाही.

हा संशय आला कुठून? थोडा सरकारी इतिहासातून आला आहे. कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायला सुरुवात केली. शिक्षेचे नावच 'गोदना'. ही पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. तोवर कितीतरी माणसे केस पुढे ओढून, पागोटे भुवईपर्यंत उतरवून वावरली. बायका हौसेने जे अंगावर घेत होत्या ते सरकारने डाग म्हणून वापरले. आणि हे कंपनीबरोबर संपले असेही नाही. १९९३ साली अमृतसरच्या पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' हा शब्द गोंदला. जेबकतरी म्हणजे खिसेकापू. खटल्याचा निकाल लागून पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ मध्ये. तेवीस वर्षे! न्यायालयात गुन्हा शाबीत होण्याआधीच कपाळावर शिक्षा लिहून झाली होती.

याच्या उलट टोकाला छत्तीसगढमधले रामनामी आहेत. अस्पृश्य म्हणून देवळाची दारे बंद, तेव्हा १८९० च्या दशकात परशुराम नावाच्या माणसाने आपल्या अंगावरच रामाचे नाव गोंदून घेतले. पाहता पाहता त्याच्या मागे हजारो लोक आले. कोणी कपाळावर, कोणी डोक्यापासून पायापर्यंत. देवळात येऊ देत नाही ना, मग देह हेच देऊळ. आता त्यांची तरुण मुले अंगभर गोंदून घ्यायला कचरतात. शिकायला, कामाला बाहेरगावी जायचे असते, लोक बघतात. एका वाळीत टाकण्याला दिलेले उत्तर दुसऱ्या वाळीत टाकण्याचे कारण झाले.

नियम असू नयेत असे माझे म्हणणे नाही. पस्तीसएक वर्षे नियमांवर जगलेला माणूस असे म्हणणार नाही. गोंदून घेतल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही, हा नियम मला पटतो, कारण अस्वच्छ सुईतून कावीळ आणि एचआयव्हीचा धोका असतो. (गोंदलेल्याला कधीच रक्त देता येत नाही, ही मात्र अफवा.) त्यामागे कारण आहे आणि मुदतही आहे. सैन्यभरतीचा नियम घ्या. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची पाठ, एवढ्याच जागी गोंदण चालते. इतरत्र असेल तर अपात्र. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, हे चांगलेच. पण रूढी काय फक्त आदिवासींच्याच असतात? निमलष्करी दलांत तर डावा हातच हवा, कारण उजव्याने सलाम करायचा. २०१७ साली सोलापूरकडच्या एका तरुणाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात त्याला ड्रायव्हर व्हायचे होते. उजव्या हातावर धार्मिक चिन्ह गोंदलेले म्हणून तो बाद झाला होता. ते त्याने बहुतांशी काढूनही टाकले होते. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. गाडी चालवायला हातावरचे चिन्ह आड येत नाही, हे कोणत्याही एस.टी. ड्रायव्हरने सांगितले असते. पण त्यासाठी वकील लावून मुंबई गाठावी लागली. आणि गाठणारे किती?

हे निदान सरकारी नोकरीचे झाले. खासगी कंपनीत तर दादही मागता येत नाही. घटनेने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको म्हटले, त्यात कातडीवरच्या खुणेचा उल्लेख नाही. आणि आपण सगळे चटकन म्हणतो, "जात जन्माने मिळते, हे तर त्याने हौसेने करून घेतले, आता भोगू दे." यावर दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठाने २००७ मध्ये दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. डर्बनमधल्या एका तमिळ वंशाच्या मुलीने नाकात चमकी घातली, शाळेने काढायला सांगितली. चमकी धर्माने सक्तीची नाही, मग सवलत कशाला, असा प्रश्न आला. न्यायालय म्हणाले, माणूस जे सक्तीने पाळतो तेवढेच जपायचे असे नाही, आपल्या राजीखुशीने जे जपतो त्यालाही संरक्षण आहे. आपल्या घरात प्रत्येक मुलीचे नाक-कान टोचतात, त्यात आपल्याला काही वेगळे दिसत नाही. तीच सुई भुवईत किंवा ओठात गेली की आपण मुलीचे वळण काढतो. पोराच्या कानातली भिकबाळी पेशवाई थाटाची आणि दुसऱ्या कानातला खडा टपोरीपणाचा! स्थळ बघताना तर हे सगळे न बोलता होते. पत्रिका जुळत नाही म्हणून कळवले की झाले.

ज्याला हा भेदभाव महागात पडतो तो बहुधा कोथरूडचा किंवा पार्ल्याचा नसतो. तिथल्या मुलाला टॅटू खपवून घेणारी कंपनी सापडते, नाहीतर लेसरला पैसे असतात. माझ्या जुन्या शाखेच्या गावातला एक मुलगा मला ठाऊक आहे. तेराव्या वर्षी जत्रेत, पाळण्याशेजारी मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडून त्याने उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला 'आई' असे गोंदून घेतले. मित्रांनी घेतले, यानेही घेतले. तिथे कोणी वय विचारत नाही की कसला नियम सांगत नाही. पुढे तो चार वर्षे पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावला. भरतीत धावण्यात पहिल्या दहात आला आणि वैद्यकीय तपासणीत त्या दोन अक्षरांवर बाद झाला.

त्याच्या आईच्या कपाळावर गोंदण आहे, दोन्ही हातांवरही आहे. ती मला म्हणाली, "साहेब, माझं तर मला न विचारता गोंदलं. यानं माझं नाव घातलं, तर त्याला म्हणत्यात तू नापास."

मुलगा आता लेसरसाठी सोलापूरला जातो. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते म्हणतात, पण एका बैठकीत जात नाही. दोन बैठकांत सहा-आठ आठवडे सोडावे लागतात. प्रत्येक खेपेला फी, एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज. भरतीच्या वयाची मर्यादा त्याच्यासाठी थांबणार नाही. आतापर्यंत चार बैठका झाल्या. अक्षरे फिकी पडली आहेत. उजेडात हात तिरका धरला तर अजून वाचता येतात.