Explained : गाडीची उंची वाढवली किंवा कमी केली तर दंड होतो का? सस्पेन्शन बदलण्याआधी नियम वाचा

खड्ड्यांमुळे गाडी खाली घासते म्हणून स्पेसर टाकून ती उचलायची किंवा स्पोर्टी दिसावी म्हणून स्प्रिंग कापून खाली बसवायची. गॅरेजमध्ये हे काम काही तासांत होतं. पण अशी गाडी रस्त्यावर चालवणं कायदेशीर आहे का?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादक कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या रचनेत बदल होऊन तिचं मूळ वैशिष्ट्य बदललं, तर कायदा त्याला ‘अल्टरेशन’ मानतो.

‘आरसीवर उंची लिहिलेलीच नसते’, मग?

गॅरेजवाल्यांचा हा आवडता युक्तिवाद. मात्र, जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशनच ग्राह्य धरलं. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्था गाडीच्या प्रोटोटाइपची चाचणी घेतात. तुमच्या गाडीत नंतर टाकलेला स्पेसर त्या चाचणीत नसतो.

शिक्षा किती?

कलम 182 अ (4) नुसार प्रत्येक बेकायदा बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते.

धोका नेमका कुठे?

- गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो. अचानक वळवताना ती उलटण्याची शक्यता वाढते.
- हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.
- ब्रेकचे होज ताणले जातात, ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट लवकर झिजतात.
- कापलेली स्प्रिंग कडक होते. मोठ्या खड्ड्यात चाक खाली लोंबकळलं, तर ती जागेवरून सरकू शकते.

काय चालतं?

झिजलेले शॉकअब्सॉर्बर किंवा स्प्रिंग बदलून त्याच स्पेसिफिकेशनचे नवे बसवायला हरकत नाही. सीएनजी किट किंवा दिव्यांग चालकांसाठीचे बदल ठरलेल्या अटींनुसार करता येतात. त्यांची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

थोडक्यात, पार्ट बाजारात मिळतो म्हणून तो रस्त्यावर चालतोच असं नाही. गाडी वारंवार घासत असेल, तर आधी शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग आणि टायरमधील हवा तपासा. अनेकदा दुखणं तिथेच सापडतं. बिल जपून ठेवा.