दावेदारांच्या रांगेत विहीर नाही

छत्रपती संभाजीनगर-पैठण रस्त्यावरील चितेगावाला व्हिडिओकॉनच्या कारखान्याने नाव मिळवून दिले. २०१८ साली हा उद्योग दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेला आणि धनको दाव्यांसह पुढे आले. २०१६ च्या या कायद्यात कामगार, बँका व सरकार यांचा अग्रक्रम ठरलेला आहे. गावच्या विहिरीचे मात्र त्यात नाव नाही. दोष एका कारखान्याचा नव्हे. कर्ज देताना जमीन, इमारत, यंत्रे तारण धरली जातात. भूजल कोण तारण धरतो? पत वाढली की सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणाही उभारता येते, हे खरेच. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली हरित ठेवींचे नियम केले. परंतु अशा ठेवी स्वीकारणे बँकांच्या मर्जीवर ठेवले. कर्जपत्रात पाण्याची अट घालणे तरी मर्जीवर का असावे?